केसपेपर कोणाचा?

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली सुरू झाले. त्याच्या रुग्णालयाला सारा मराठवाडा ‘घाटी’ म्हणूनच ओळखतो. जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि पलीकडच्या बुलढाण्यातूनही रोगी येथे येतात. सकाळी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेकडे पाहावे. जवळजवळ प्रत्येकाच्या हाती एक पिशवी असते. तालुक्याच्या डॉक्टरांची चिठ्ठी, रक्त-लघवीचे अहवाल, एक्स-रेचे मोठे पाकीट, घडीवर फाटलेले जुने केसपेपर आणि औषधांची रिकामी पाकिटे असे सगळे तीत कोंबलेले असते. ‘व्यक्तिगत आरोग्यनोंद’ हा शब्द अलीकडे संगणकाबरोबर आपल्याकडे आला. पण ती वस्तू आपल्याकडे कित्येक वर्षांपासून आहे, ती म्हणजे ही पिशवी.

पिशवीतल्या कागदांवर काय अवलंबून असते ते एका उदाहरणावरून पाहू. कर्करोगावर ‘डॉक्सोरुबिसिन’ नावाचे लाल रंगाचे औषध शिरेतून देतात. औषध गुणकारी आहे, पण ते हृदयाच्या स्नायूला इजा करते आणि ही इजा साठत जाते. म्हणून एका माणसाला आयुष्यभरात हे औषध एकूण किती द्यायचे याला मर्यादा असते. शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमागे साधारण ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे हृदय निकामी होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. समजा, रोग्याने पहिले चार डोस मुंबईत घेतले आणि पुढचे आपल्या गावाजवळच्या शहरात घ्यायचे ठरवले. दुसऱ्या डॉक्टरांना आधीची बेरीज कळली नाही तर ते पुढचा डोस कशाच्या आधारावर ठरवणार? रक्त तपासून ही बेरीज कळत नाही. ती फक्त कागदावर असते.

तरीही हा कागद कोणी जपायचा आणि कोणी वाचायचा, याबद्दल वैद्यकाचे एकमत व्हायला फार काळ लागला. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत बहुतेक डॉक्टर आपापल्या वहीत नोंदी ठेवत. एकच रोगी तीन डॉक्टरांकडे गेला, तर त्याची हकीकत तीन वह्यांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली असे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ साली ही पद्धत मोडली. प्रत्येक रोग्याला एक क्रमांक द्यायचा आणि त्याचे सगळे कागद एकाच पाकिटात ठेवायचे, अशी त्यांची योजना होती. आज ती इतकी साधी वाटते की तिचा कोणी शोध लावला असेल हेच आपल्या ध्यानात येत नाही. पुढे १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी नोंदींची मांडणीच बदलण्याचा आग्रह धरला. पहिल्या पानावर रोग्याच्या सर्व तक्रारींची क्रमवार यादी असावी आणि पुढची प्रत्येक नोंद त्यांपैकी कोणत्या तक्रारीसंबंधी आहे ते स्पष्ट लिहावे, असे त्यांचे म्हणणे. प्लमर यांच्यापासून वीड यांच्यापर्यंत सुधारणा पुष्कळ झाल्या, पण पाकीट रुग्णालयाच्या कपाटातच राहिले.

ते कपाटाबाहेर काढण्याचे काम मुख्यतः गरीब देशांतल्या बालरोगतज्ज्ञांनी केले. डेव्हिड मोर्ले हे इंग्रज डॉक्टर १९५० च्या दशकात नायजेरियातील इमेसी-इले या गावी काम करत होते. त्यांनी बाळाच्या वजनाच्या आलेखाचे कार्ड आईच्याच हाती दिले. निरक्षर बायका कार्ड हरवतील, फाडतील अशी शंका घेणारे पुष्कळ होते. पण आया ते कार्ड नीट सांभाळत. याउलट दवाखान्यातून कागद हरवणे ही सर्वत्र नित्याचीच गोष्ट होती. अंगणवाडीतला वजनाचा आलेख ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ते कार्ड डोळ्यांसमोर आणायला अडचण पडू नये.

या कथेचे पुढचे पान महाराष्ट्रात आहे. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात (२०१४ पासून पालघर जिल्ह्यात) डहाणू तालुक्यातल्या कासा या आदिवासी भागात १९७० च्या दशकात डॉ. पी. एम. शहा यांनी माता-बालआरोग्य आणि पोषणाचा प्रकल्प चालवला. डॉक्टर थोडे आणि पाडे दूरदूर. तेव्हा गावातल्याच अर्धवेळ कार्यकर्त्यांना हाताशी धरून, कोणती बाळंतीण किंवा कोणते मूल जास्त जोखमीचे आहे ते आधी ओळखायचे आणि उपलब्ध शक्ती तेथे लावायची, असा विचार त्यामागे होता. जोखीम ओळखायची तर नोंद हवी, आणि प्रसंग रात्री-अपरात्री येणार, म्हणून ती नोंद घरात हवी. डॉ. शहा पुढे जागतिक आरोग्य संघटनेत गेले. तेथे ‘घरी ठेवण्याच्या मातृत्व-नोंदपत्रिके’चा नमुना तयार झाला आणि १९८४ ते १९८८ या काळात भारतासह आठ देशांतल्या तेरा केंद्रांवर त्याची परीक्षा घेण्यात आली.

१९९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्या परीक्षेचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. ही पत्रिका हाती असलेल्या बायका आरोग्यसेवेचा अधिक उपयोग करून घेतात, त्यांच्या उपचारांत सातत्य राहते आणि जोखीम वेळेवर ध्यानात येते, असे त्यात दिसले. पण एक अट होती. पत्रिका स्थानिक परिस्थितीनुसार बदलून घेतलेली हवी आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना नीट शिकवलेले हवे. केवळ उपकेंद्रातल्या नर्सबाईंना शिकवून भागत नव्हते. ज्या मोठ्या रुग्णालयात बाईला पाठवायचे तेथले डॉक्टरही आरंभापासून योजनेत असावे लागत. हे उघडच आहे. गर्भारबाई पत्रिका जपून घेऊन गेली आणि मोठ्या डॉक्टरांनी ती न उघडताच बाजूला सारली, तर पुढच्या खेपेला ती पत्रिका नेईलच कशाला? भारतात २०१० पासून गर्भवतीला मिळणारे माता-बाल संरक्षण कार्ड याच कुळातले आहे.

इकडे शहरांत प्रश्न वेगळा होता. सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्णाचा केसपेपर रोगी घरी नेतो, पण दाखल झालेल्या रोग्याचे कागद रुग्णालयात राहतात आणि त्याच्या हाती फक्त डिस्चार्ज कार्ड पडते. ते कागद मागितले तर ‘गोपनीय आहेत’ असे उत्तर मिळे. रोग्याची माहिती रोग्यापासूनच गोपनीय ठेवायची, हा तर्क अजबच म्हणायचा! मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये तो अमान्य केला आणि रोग्याला कागदांच्या प्रती देणे डॉक्टरांचे व रुग्णालयांचे कर्तव्य ठरवले. पुढे २००२ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेच्या नियमांत दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या गेल्या. दाखल रोग्यांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या आणि रोग्याने मागितल्यास ७२ तासांच्या आत द्यायच्या. हा नियम आपल्या वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना माहीत असायला हरकत नाही. पुष्कळ सुशिक्षितांनाही तो ठाऊक नसतो.

मग संगणक आला. मायक्रोसॉफ्टने २००७ मध्ये ‘हेल्थव्हॉल्ट’ आणि गूगलने २००८ मध्ये ‘गूगल हेल्थ’ काढले. आपली आरोग्यनोंद आपणच महाजालावर ठेवावी, ही कल्पना. गूगलने आपले दुकान २०१२ च्या आरंभी बंद केले, मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये. जगातल्या सर्वांत धनाढ्य कंपन्यांना हे जमू नये? माझ्या मते याचे उत्तर कासाच्या अनुभवातच होते. बरीचशी माहिती रोग्याने स्वतः भरायची आणि डॉक्टर ती पाहतीलच याची खात्री नाही, अशी ती व्यवस्था होती. धडधाकट माणसाला भरण्याची गरज वाटत नाही, आणि आजाऱ्याला त्राण नसते.

दुसऱ्या एका प्रयोगाने उलट बाजूने सुरुवात केली. २०१० मध्ये अमेरिकेत तीन ठिकाणच्या १०५ डॉक्टरांनी आपल्या भेटीच्या टिपणी साडेतेरा हजारांहून अधिक रोग्यांना महाजालावर वाचायला खुल्या केल्या. वर्षभर हे चालले. रोगी घाबरतील, फोन करून भंडावतील, अशी डॉक्टरांना धास्ती होती. तसे फारसे घडले नाही. टिपण वाचणाऱ्यांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक लोकांनी उपचारांवर आपला ताबा वाढल्याचे सांगितले. काही डॉक्टरांनी मात्र आपली लिहिण्याची पद्धत बदलली. वाचणारा समोर आहे हे कळल्यावर अक्षर सुधारते, हे शिक्षकांना सांगायला नको. वर्ष संपल्यावर एकाही डॉक्टरने प्रयोग बंद केला नाही.

आपल्याकडे बहुतेकांना आरोग्याचा पहिला संगणकी दाखला करोनाच्या लसीमुळे, २०२१ मध्ये ‘कोविन’वरून मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरात आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झाले. त्यातला ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक आता अनेकांकडे आहे. त्याविषयी एक गैरसमज सर्रास आढळतो. आभा म्हणजे दिल्लीत कोठेतरी आपली फाईल उघडली, असे नाही. नोंद जेथे तयार झाली त्याच रुग्णालयाच्या किंवा प्रयोगशाळेच्या संगणकात राहते. आभा हा त्या विखुरलेल्या नोंदींना बांधणारा दोरा आहे. नव्या डॉक्टरांना जुनी नोंद पाहायची असेल तर ते विनंती पाठवतात. कोणत्या प्रकारची नोंद, कोणत्या तारखांची आणि किती दिवसांसाठी, हे त्या विनंतीत असते. रोग्याने मोबाइलवर होकार दिला तरच ती दिसते, आणि दिलेला होकार मागेही घेता येतो.

रचना विचारपूर्वक केलेली आहे, यात शंका नाही. पण दोऱ्यात ओवायला मणी हवेत. अनेक सरकारी रुग्णालयांत २०२२ पासून केसपेपरच्या खिडकीजवळ चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड लावलेला असतो. मोबाइलने तो टिपला की नाव-पत्ता आपोआप भरला जातो आणि रांग वाचते. ही सोय उत्तमच आहे. मात्र त्यातून डॉक्टरांपर्यंत नाव-पत्ताच जातो, मागचा इतिहास जात नाही. तो जायचा तर आधीच्या डॉक्टरांनी तो संगणकात लिहिलेला हवा. एका रोग्यासाठी जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळणाऱ्या निवासी डॉक्टरने हे टंकन केव्हा करायचे?

संगणकाच्या भरवशावर कागद टाकून द्यावेत, अशीही वेळ अजून आलेली नाही. राज्यातल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बरीच वर्षे चाललेली संगणक प्रणाली जुलै २०२२ मध्ये बंद झाली आणि केसपेपर पुन्हा हाताने लिहावे लागले. त्या दिवसांत ज्याच्या पिशवीत जुने कागद होते त्याचा इतिहास शाबूत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये घरी ठेवण्याच्या नोंदींविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. अमुकच एका नमुन्याची नोंद अधिक गुणकारी आहे असे म्हणण्याइतका पुरावा त्या वेळी तिलाही सापडला नव्हता.

मराठवाड्यापुरती आणखी एक अडचण आहे. बीड-जालन्याकडची हजारो कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गर्भारबाई एका जिल्ह्यातल्या उपकेंद्रात नाव नोंदवते आणि बाळंत होते दुसऱ्याच जिल्ह्यात, फडाजवळ. दोऱ्याने बांधलेल्या नोंदीचा खरा उपयोग तिलाच आहे. पण आभा बहुधा आधारवरून काढतात, आणि त्याचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. घरात मोबाइल एकच असतो, तो नवऱ्याजवळ किंवा मुकादमाकडे गेलेल्या दिराजवळ असतो. घरी राहिलेल्या सासूबाईंच्या आधारला पुण्यात कामाला असलेल्या मुलाचा क्रमांक असतो. त्या घाटीत खिडकीसमोर उभ्या असतात आणि ओटीपी पुण्यात वाजतो. मुलगा कामावर फोन उचलू शकला तर ठीक, नाहीतर मागचे लोक ओरडू लागतात आणि सासूबाई पिशवीतून कागद काढतात.