ओळख न पटलेले कुलूप

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. तिचे संस्थापक कार्यकारी संचालक डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे. त्यांची अभियांत्रिकीची पदवी नागपूरची. सी-डॅकचा परम महासंगणक गाजला, पण मराठीच्या दृष्टीने अधिक मोलाचे काम तिथल्या ‘जिस्ट’ गटाने केले. मोहन तांबे यांच्या पुढाकाराने हे संशोधन आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले होते. त्यातून आलेले जिस्ट कार्ड संगणकाच्या खाचेत बसवले की पडद्यावर देवनागरी उमटे. लिपी तेव्हा संगणकाला बाहेरून जोडावी लागत होती.

जोडलेले यंत्र संगणकाने ओळखावे कसे? त्या काळी बहुतेक कार्डांचे पत्ते हाताने ठरवावे लागत. १९९६ साली यूएसबीचे पहिले मानक आले आणि हा व्याप संपला. ते घडवणाऱ्यांपैकी इंटेलचे अजय भट्ट बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर. भटकरांचे पदव्युत्तर शिक्षणही तिथलेच.

यूएसबीची रीत सरळ आहे. यंत्र जोडले की संगणक त्याची ओळख विचारतो. यंत्र उत्पादकाचा क्रमांक, वस्तूचा क्रमांक आणि आपला वर्ग सांगते. ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या यादीत ते क्रमांक शोधते आणि जुळणारा ड्रायव्हर स्मृतीत आणते. कीबोर्ड, पेन ड्राइव्ह यांचे वर्ग सर्वमान्य असल्याने एकच ड्रायव्हर शेकडो कंपन्यांच्या वस्तू चालवतो. यादीत नसलेल्या यंत्रासाठी मात्र उत्पादकाचाच ड्रायव्हर लागतो.

मराठीची अडचण इथेच झाली. डीटीपीच्या काळात अक्षरजुळणीची अनेक सॉफ्टवेअर डोंगलवर, म्हणजे संगणकाला जोडायच्या कुलपावर चालत. प्रिंटरच्या पोर्टला लागणारी ही कुलपे पुढे यूएसबीवर आली. मग ६४ बिटांची विंडोज आली. ती ३२ बिटांचे ड्रायव्हर स्वीकारत नाही. उत्पादकाने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर शाबूत कुलूपही निरुपयोगी ठरते.

त्यामागे दुसरे कुलूप होते. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टमध्ये अक्षरांचे क्रमांक वेगळे. त्यामुळे फाइल उघडली, तरी तो फॉन्ट नसेल तर मजकुराच्या जागी इंग्रजी चिन्हांचा काला दिसे. वास्तविक १९८८ साली ‘इस्की’ने भारतीय लिपींना समान क्रमांक दिले होते, युनिकोडचा देवनागरी विभाग त्याच पायावर उभा राहिला. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक ०९१५, मग फॉन्ट कोणताही असो.

यंत्र असो वा अक्षर, त्याची ओळख सर्वांना ठाऊक असलेल्या क्रमांकाने पटली तरच ते पुढच्या पिढीच्या संगणकावर टिकते. खासगी खुणेचे आयुष्य ती खूण ओळखणाऱ्या कंपनीइतकेच. नव्वदच्या दशकातले कितीतरी दिवाळी अंक अशा खुणांमध्ये जुळवलेले आहेत. छापील प्रती ग्रंथालयांत आहेत, पण त्यांत शब्द शोधता येत नाही. ज्यांच्या कचेरीत जुना संगणक, डोंगल आणि सीडी अजून एकत्र आहेत, त्यांनी तो संगणक भंगारात घालण्याआधी मजकूर युनिकोडमध्ये काढून घ्यावा. छापखान्यातले खिळे वितळवले, तरी छापलेले पान डोळ्यांनी वाचता येत होते. या फाइलींचे तसे नाही.