बोट

बोट (स्त्रीलिंगी, अनेकवचन बोटी) : इंग्रजीतून येऊन मराठीत मुरलेला शब्द. हाताचे बोट नपुंसकलिंगी, त्यामुळे उच्चार सारखा असूनही ‘बोट लागले’ आणि ‘बोट लागली’ यांत गल्लत होत नाही. इंग्रजीत हा शब्द बहुधा लहान नौकेचा. रत्नागिरीकडे उलट झाले. होडी, मचवा, पडाव, गलबत ही नावे आधीपासून होतीच. म्हणून बोट म्हणजे आगबोट, तीही मुंबईची.

मुंबई-गोवा मार्गावरच्या बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत. बहुतेक ठिकाणी बोट बाहेर खोल पाण्यात नांगर टाकी आणि उतारूंना पडावातून तिच्यापर्यंत न्यावे लागे. लाटेने पडाव वर उचलला की त्याच क्षणी शिडीवर पाय टाकायचा. पोरे, वळकट्या, आंब्याच्या पेट्या हातोहात वर जात. पावसाळ्यात या फेऱ्या बंद. मुंबई-रेवस ही जवळची फेरी तेवढी चाले. त्याच फेरीवर 17 जुलै 1947 रोजी ‘रामदास’ बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. जुन्या पिढीच्या तोंडी ‘बोट’ शब्दाला जी धास्ती आहे, ती या घटनेची.

लाक्षणिक अर्थ मात्र इंग्रजीतून आले नाहीत. ते इथल्या उतारूंनी घडवले. ‘बोट लागणे’ म्हणजे बोट बंदरात येणे, तसेच समुद्र खवळल्यावर पोटात ढवळून उलट्या होणे. त्यावर लिंबू किंवा आवळासुपारी जवळ ठेवत. घाटाच्या वळणांवर एसटी लागते तीही याच अर्थाने. ‘मुलगा बोटीवर आहे’ म्हणजे तो व्यापारी जहाजावर नोकरीला आहे, वर्षातले कित्येक महिने घराबाहेर. स्थळ सांगताना एवढे वाक्य पुरते. संधी हुकणे या इंग्रजी अर्थाने ‘बोट चुकणे’ येथे रुजले नाही. ज्यांची बोट खरीच चुकत असे, त्यांना पुढच्या बोटीपर्यंत बंदरावर मुक्काम करावा लागे.

मुंबईची उतारू बोट बंद होऊनही हे प्रयोग टिकले आहेत. दाभोळ-धोपावे खाडीवर 2003 पासून वाहनांसह चालणाऱ्या फेरीबोटीला मात्र लोक ‘जंगलजेटी’ म्हणतात.