काळ्या चिमणीची राख

नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ १४ फेब्रुवारी २०१४ रोजी प्रदर्शित झाला. तारीख व्हॅलेंटाइन डेची. ती बघून कोणी गोड प्रेमकथेच्या अपेक्षेनं चित्रपटगृहात गेलं असेल, तर सुरुवातीला तरी त्याची निराशा झाली नसेल. शाळकरी जब्याचा वर्गातल्या शालूवर जीव जडला आहे. बोलायचं धाडस मात्र नाही. काळी चिमणी मारून जाळायची आणि तिची राख ज्याच्यावर टाकावी ते माणूस आपल्याला वश होतं, असं त्याला गावातल्या चंक्यानं पटवलं आहे. म्हणून पिऱ्या या मित्राला घेऊन, हातात गलोल धरून तो चिमणीमागं रानोमाळ हिंडतो. मंतरलेली राख, हाती न लागणारा पक्षी, लांबूनच दिसणारी राजकन्या. परीकथेचं सगळं सामान इथं आहे. ‘फँड्री’ या कैकाडी शब्दाचा अर्थ तेवढा परीकथेत बसत नाही. त्याचा अर्थ डुक्कर.

मंजुळे सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळा तालुक्यातले, जेऊरचे. जातीच्या वास्तवाबद्दल बोलणाऱ्या या दिग्दर्शकाला परीकथेचा साचा का लागावा, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला आहे. त्याचं उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. रूप, कुरूपता आणि प्रेम यांच्या कथा या जिल्ह्यात निदान सहाशे वर्षं सांगितल्या जात आहेत, आणि त्या युरोपीय परीकथेसारख्या संपत नाहीत.

आधी ती परीकथा पाहू. सुंदरी आणि पशू यांची गोष्ट फ्रान्समध्ये मादाम द विल्नव्ह यांनी १७४० मध्ये छापली. १७५६ मध्ये मादाम लप्रँस द बोमाँ यांनी ती आटोपशीर केली आणि तेच रूप जगभर गेलं. बाह्यरूपाला भुलू नका, असं ही गोष्ट सांगते. पण शेवटी पशूचा देखणा राजपुत्र होतो, म्हणजे न भुलणाऱ्या मुलीला बक्षीस मिळतं ते रूपाचंच! तिची अलीकडची विनोदी आवृत्ती म्हणजे २००६ चा ‘पेनेलोपी’ हा इंग्रजी चित्रपट. त्यात बड्या घरातली मुलगी डुकराचं नाक घेऊन जन्मते. तिच्यासारख्याच कुलीन माणसानं तिला आपलं म्हटल्याशिवाय शाप सुटणार नाही, असं सगळे धरून चालतात. शाप सुटतो तो तिनं स्वतःला आहे तसं पत्करल्यावर. कल्पना छान आहे. मात्र पत्करल्याबरोबर नाकही सरळ होतं. आणि शाप मुळात का लागला? त्या घराण्यातल्या एका मुलानं मोलकरणीवर प्रेम केलं, घरच्यांनी लग्न होऊ दिलं नाही, मोलकरणीनं जीव दिला आणि तिच्या चेटकीण आईनं घराण्याला शापलं. मालकांच्या नातीचं नाक सुधारतं. मोलकरणीचं काय झालं, हे कथा विसरून जाते.

आता मंगळवेढ्याला येऊ. पंधराव्या शतकातली कान्होपात्रा ही तिथल्या श्यामा नायकिणीची मुलगी. महिपतींच्या ‘भक्तविजया’मुळे घरोघर पोचलेली तिची कथा एखाद्या परीकथेसारखीच सुरू होते. आपल्याहून देखणा असेल त्यालाच वरीन, असा तिचा पण असतो. असा वर काही सापडत नाही. मग ती वारकऱ्यांकडून पंढरीच्या विठ्ठलाचं वर्णन ऐकते आणि त्यांच्याबरोबर निघते. तिला जो वर आपल्याहून सुंदर वाटला, तो काळ्या दगडाचा, कटीवर हात ठेवून उभा. त्याला राजपुत्र व्हावं लागलं नाही. शाप असलाच तर तो तिच्याच रूपाचा होता. बीदरच्या बादशहाच्या कानावर ते रूप गेलं, त्याची माणसं तिला न्यायला आली आणि तिनं देवळातच प्राण ठेवला. मंदिराच्या आवारातलं तरटीचं झाड तिची खूण म्हणून दाखवतात.

पंढरपूरची दुसरी एक प्रेमकथा थट्टेच्या अंगानं सांगितली जाते. राधेवरून रुसलेली रुक्मिणी दिंडीरवनात येऊन बसते आणि तिची समजूत काढायला देव मागोमाग येतो. आजही रुक्मिणीचं देऊळ वेगळं आहे. रुसवा अजून पुरता गेलेला नाही, असं कौतुकानं म्हणणारी माणसं पंढरपुरात भेटतात.

पण मंगळवेढ्यानं या विषयाला जो खरा टोकदार माणूस दिला तो कान्होपात्रेच्याही आधीचा, चोखामेळा. उसाच्या आकारावरून त्याच्या रसाची पारख करू नका, हा त्याच्या सर्वांत प्रसिद्ध अभंगाचा आशय. अंतरंगाच्या सौंदर्याचा एवढा साधा आणि पक्का दाखला मराठीत दुसरा दाखवता येणार नाही. चोखोबानं स्वतःला पत्करलं होतं यात शंका नाही. देवानंही पत्करलं होतं, असं परंपरा सांगते. तरी तो राहिला देवळाबाहेर. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळून तो गेला. समाधी पंढरपूरला, नामदेव पायरीपाशी, म्हणजे महाद्वाराच्या बाहेरच. ते दार दलितांसाठी उघडावं म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. मधे सहाशे नऊ वर्षं गेली. रस गोड होता हे सगळ्यांना ठाऊक होतं, अभंग सगळ्यांना पाठ होता आणि दार बंद होतं.

‘फँड्री’ या दारापाशी येऊन थांबतो. जब्याचं पूर्ण नाव जांबुवंत, म्हणजे पुराणातलं अस्वल. पशूची भूमिका त्याला बारशालाच मिळालेली. तो तोंडाला पावडर लावतो, जीन्ससाठी पैसे जमवायला सायकलवर गारेगार विकत फिरतो. जत्रेत त्याला नाचायचं असतं, तर त्याच्या डोक्यावर बत्ती दिली जाते. शेवटी शाळेच्या शेजारी, शालूच्या आणि हसणाऱ्या गावाच्या समोर त्याला घरच्यांबरोबर डुक्कर धरावं लागतं. स्वतःला पत्कर, हा उपदेश या मुलाला कोणत्या तोंडानं करायचा? त्याच्या नाकाडोळ्यांत काहीच बिघडलेलं नाही. बिघाड बघणाऱ्यांच्या डोळ्यांत आहे, म्हणून तो अखेर दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाकडे. चिमणीची राख मिळत नाही. परीकथेचा साचा मंजुळ्यांना लागला तो यासाठीच, असं मला वाटतं: जादू चालली नाही हे दाखवायचं, तर आधी जादूची आशा दाखवावी लागते. जब्या झालेला सोमनाथ अवघडे करमाळा तालुक्यातल्या केमचा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

दोन वर्षांनी, २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला. त्याच्या पूर्वार्धाइतकी प्रसन्न प्रेमकथा मराठी पडद्यानं क्वचितच दिली असेल. इथं एक जुनी तुलना सुचते. पु. ल. देशपांडे यांची ‘ती फुलराणी’ १९७५ ची, बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून बेतलेली. भक्ती बर्वे यांनी ती अजरामर केली. त्यातली फुलं विकणारी मंजू भाषेच्या जोरावर राजकन्या होते. तिची बोली हा तिच्यावरचा शाप आणि प्रमाण मराठी हा उतारा. पुलं त्या उताऱ्याची खिल्लीही उडवतात, हे खरं. तरी मंजूला बोली सोडावी लागतेच. आर्ची काही सोडत नाही. अकलूजच्या रिंकू राजगुरूनं तिला दिलेली बोली, तो ठसका आणि दटावणी, जशीच्या तशी पुण्यामुंबईच्या पोरांच्या तोंडी बसली. पाटलाची ही लेक बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते आणि विहिरीवरच्या पोराकडे नजर रोखून बघते. गोऱ्या, नाजूक नायिकेची सवय झालेल्या पडद्यावर ती अजिबात न बदलता नायिका झाली.

आर्चीचं स्वतःला पत्करणं उत्तरार्धात येतं आणि त्याकडे फारसं कोणी लक्ष दिलेलं नाही. ती परशासोबत हैदराबादच्या झोपडपट्टीत पोचते. सोलापूरकराला ही वाट ओळखीची आहे. पद्मशाली विणकर याच वाटेनं उलटे, तेलंगणातून सोलापूरला आले आणि शहराच्या पूर्व भागात आजही घराघरांत तेलुगू बोललं जातं. वाडा नाही, बुलेट नाही, पाटलाचं नाव नाही. आर्ची रडते, भांडते, परत जायला निघते आणि मग कारखान्यात कामाला लागते, तेलुगू शिकते. राजकन्येपणाची कात इथं पडते. तिचं रूप आहे तेच राहतं. तिनं स्वतःला पत्करलं, परशानं पत्करलं, शेजाऱ्यांनीही पत्करलं. माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन दारात येतात, तोपर्यंत ही परीकथा पूर्ण झालेली असते.

२०१७ मध्ये ‘सैराट’ कन्नडमध्ये ‘मनसु मल्लिगे’ म्हणून झाला, तेव्हा नायिका म्हणून रिंकूलाच घेतलं गेलं. २०१८ मध्ये हिंदीत ‘धडक’ झाला, तेव्हा करमाळ्याचं उदयपूर झालं, पाटलाच्या वाड्याच्या जागी संस्थानी थाट आला आणि जातीचा उल्लेख जवळजवळ पुसला गेला.