परिचर्या नेतृत्व

रुग्णसेवेत परिचारिकांच्या गटाला दिशा देणे, मनुष्यबळ व साधने यांची वाटणी करणे, सेवेचा दर्जा राखणे आणि डॉक्टर व प्रशासन यांच्यापुढे रुग्णाची बाजू मांडणे, या कामांना मिळून परिचर्या नेतृत्व म्हणतात. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांत अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका आणि अधिसेविका अशी पदांची उतरंड आहे. बोलताना मात्र परिसेविका ‘इनचार्ज सिस्टर’ असते आणि अधिसेविका ‘मेट्रन’. नेतृत्व या उतरंडीत मावत नाही. रात्रपाळीला वॉर्डात एकटी असलेली अधिपरिचारिका कोणत्या रुग्णाकडे आधी जायचे, डॉक्टरांना कधी उठवायचे आणि नातेवाइकांना काय सांगायचे हे ठरवते, तेव्हा त्या वॉर्डाचे नेतृत्व तीच करत असते.

या क्षेत्राचा आधुनिक इतिहास फ्लॉरेन्स नाइटिंगेल (१८२०–१९१०) यांच्यापासून सांगितला जातो. हातात दिवा घेतलेल्या त्यांच्या चित्रामुळे त्यांच्या कामातील सर्वांत महत्त्वाचा भाग झाकला गेला आहे. क्रिमियाच्या युद्धात, नोव्हेंबर १८५४ मध्ये, ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीच्या ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांना त्या नकोच होत्या. डॉक्टरांनी स्वतःहून बोलावल्याशिवाय एकीनेही रुग्णाला हात लावायचा नाही, असे नाइटिंगेल यांनी आपल्या परिचारिकांना बजावले. जखमींची रीघ लागल्यावर बोलावणे आलेच. त्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण मात्र भयावह राहिले. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य आयोगाने गटारे साफ करून घेतल्यावर आणि हवा खेळती केल्यावर ते झपाट्याने उतरले. युद्धानंतर नाइटिंगेल यांनी ही आकडेवारी तपासली, मृत्यूची कारणे वर्तुळाकार आलेखांत मांडली आणि त्या बळावर लष्करी आरोग्यव्यवस्थेत सुधारणा घडवून आणल्या. १८५८ मध्ये लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना सभासद करून घेतले. त्या संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री-सभासद. १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची प्रशिक्षणशाळा सुरू झाली आणि तेथे शिकलेल्या मेट्रन जगभर गेल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यवस्थापनशास्त्रातील सिद्धान्त परिचर्येत आले. जेम्स मॅकग्रेगर बर्न्स (१९७८) आणि बर्नार्ड बास (१९८५) यांनी मांडलेले परिवर्तनशील नेतृत्व आणि रॉबर्ट ग्रीनलीफ यांचे सेवाभावी नेतृत्व (१९७०) या दोन संकल्पना नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत हमखास आढळतात. परीक्षेला त्या उपयोगी पडतात. वॉर्डात नेमके काय घडते, हे समजायला पुढील अभ्यास अधिक उपयोगाचे आहेत.

अमेरिकेत परिचारिकांचा तुटवडा असतानाही काही रुग्णालयांत त्या टिकून कशा राहतात, हे शोधण्यासाठी अमेरिकन अकॅडमी ऑफ नर्सिंगने केलेला अभ्यास १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४१ रुग्णालये वेगळी उठून दिसली. वॉर्डापर्यंत पोहोचणारी मुख्य परिचारिका आणि निर्णयांत परिचारिकांचा वाटा ही त्यांची ठळक वैशिष्ट्ये होती. यातूनच पुढे ‘मॅग्नेट’ ही मानांकन पद्धत उभी राहिली. लिंडा एकेन व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांची माहिती तपासली. एका परिचारिकेकडे एक रुग्ण वाढला, की ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. अपुऱ्या मनुष्यबळाबद्दल तक्रार करणाऱ्या मेट्रनच्या हाती यामुळे ठोस आकडा आला.

एमी एडमंडसन यांचा १९९६ मधील अभ्यास याहून चमत्कारिक निघाला. चांगले नेतृत्व असलेल्या वॉर्डांत औषध देण्यातील चुका कमी आढळतील, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तेथे चुकांची नोंद जास्त सापडली. कारण सरळ होते: जिथे इनचार्ज ओरडत नाही, तिथे चूक लपवली जात नाही. ‘आमच्या वॉर्डात एकही चूक झालेली नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या वॉर्डाकडे तेव्हापासून जरा संशयानेच पाहायला हवे.

रोजच्या कामात नेतृत्वाची कसोटी दोन ठिकाणी लागते: ड्युटी लिस्ट आणि ओव्हर. नाइट संपवून आलेल्या मुलीला पुन्हा लगेच डबल ड्युटी लागते का, गणपतीत सुट्टी दर वर्षी त्याच दोघींना मिळते का, नवख्या सिस्टरसोबत अनुभवी सिस्टर ठेवली आहे का, यावरून वॉर्डातल्या सगळ्यांना इनचार्जची पारख होते. पाळी बदलताना दिला जाणारा ओव्हर टेबलापाशी रजिस्टर वाचून उरकता येतो, किंवा खाटेपाशी उभे राहून घेता येतो. ‘सात नंबर, ऑपरेशनचा दुसरा दिवस, रात्री लघवी जरा कमी,’ असे सांगितले जाते. चांगली इनचार्ज तिथेच थांबून विचारते, ‘कमी म्हणजे किती?’ आणि पिशवीवरचा आकडा स्वतः पाहते.

डॉक्टरांना फोनवर माहिती देण्यासाठी ‘एसबार’ ही चार टप्प्यांची पद्धत वापरली जाते: सध्याची स्थिती, पार्श्वभूमी, स्वतःचा अंदाज आणि शिफारस. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांतून ती कायझर परमनंटे या संस्थेमार्फत रुग्णालयांत आली. पहिले तीन टप्पे लवकर अंगवळणी पडतात. ‘सर, तुम्ही आत्ताच येऊन पाहावे असे मला वाटते’ हे चौथे वाक्य आपल्याकडे जड जाते. वरिष्ठ सिस्टरने ते सर्वांदेखत म्हणून दाखवल्याशिवाय कनिष्ठ मुली ते म्हणत नाहीत.

पिढ्या ओलांडून टिकलेल्या परिचर्या नेतृत्वाचे उदाहरण मुंबईच्या केईएम रुग्णालयात आहे. तेथील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. परिचारिकांनी तेव्हा सुरक्षिततेसाठी संप केला. पुढे अरुणा यांना रुग्णालयाबाहेर हलवण्याचा प्रयत्न झाला, तोही परिचारिकांच्या विरोधामुळे मागे पडला. २०११ मध्ये अरुणा यांच्या दयामरणाच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने परिचारिकांनी केलेल्या त्यांच्या सेवेची मुक्तकंठाने प्रशंसा केली. इतक्या वर्षांत त्यांना एकही बेडसोर झाला नव्हता. बेडसोर टाळायचा तर रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलावी लागते, त्वचा कोरडी ठेवावी लागते आणि हे प्रत्येक पाळीत, सणावारीही, करावे लागते. एकीच्या सद्‌भावनेवर ते निभत नाही. नव्या विद्यार्थिनींच्या प्रत्येक तुकडीला अरुणांची ‘आपल्यातलीच एक’ अशी ओळख करून दिली जाई. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, हा क्रम चालू राहिला.

पदाविना नेतृत्वाचे उदाहरणही मुंबईचेच. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री कामा रुग्णालयात दहशतवादी शिरले, तेव्हा अंजली कुलथे या परिचारिकेने २० गर्भवतींना वॉर्डाच्या टोकाशी असलेल्या पॅन्ट्रीत हलवले. त्यांतील एकीला प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर भिंतीच्या कडेकडेने प्रसूतिगृहापर्यंत नेले. पुढे त्या दहशतवाद्यांपैकी अजमल कसाबविरुद्ध साक्ष देताना त्यांनी गणवेश घालण्याचा आग्रह धरला. डिसेंबर २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढेही त्यांनी आपला अनुभव मांडला.

भारतात परिचारिकांची व्यावसायिक संघटना, ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया, १९०८ पासूनची आहे, तर भारतीय परिचर्या परिषद १९४७ च्या कायद्याने आली. परिषदेच्या निकषानुसार अध्यापन रुग्णालयांत तीन खाटांमागे एक आणि सर्वसाधारण रुग्णालयांत पाच खाटांमागे एक परिचारिका हवी. शिवाय रजेसाठी ३० टक्के राखीव. तीन पाळ्यांत वाटल्यावर याचा अर्थ एकीकडे ९ किंवा १५ रुग्ण असा होतो. मंजूर पदे रिकामी असली की हा आकडा आणखी वाढतो. त्यात इंडेंट (साहित्याची मागणीपत्रे), चादरींची मोजणी, नादुरुस्त सक्शन मशीनचा पाठपुरावा ही कामेही इनचार्जच्याच गळ्यात पडतात. २०२३ च्या कायद्याने परिषदेच्या जागी राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाची तरतूद केली. शिक्षणाचा दर्जा, संस्थांचे मूल्यांकन आणि नोंदणी हे विषय त्याच्या कक्षेत आहेत. रुग्णालयांतील पदे मंजूर करणे व भरणे मात्र राज्य शासन, महापालिका किंवा खासगी व्यवस्थापन यांच्याच हाती आहे.