काळा कोट आणि खतावणी

१३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरमध्ये वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी बाबासाहेब होते. अंबादेवीच्या मंदिराचे दार हा तेथला ज्वलंत प्रश्न. या परिषदेचे स्मरण आपण वारंवार करतो. पण त्या दिवसांत या अध्यक्षाची चूल कशावर पेटत होती, हे सहसा कोणी विचारीत नाही. १९२५ ते १९२८ या काळात ते मुंबईत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवीत होते. करार, भागीदारी, हुंडी हे त्यांच्या तासाचे विषय. देवळाच्या पायरीवर ज्याला अडवले जात होते, तो सावकार-व्यापाऱ्यांच्या व्यवहाराची गुपिते फळ्यावर उलगडून दाखवीत होता!

याआधी, १९१८ मध्ये, ते सिडनहॅम वाणिज्य महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथल्या काही सहकाऱ्यांना त्यांनी सामाईक भांड्यातले पाणी प्यालेले चालले नाही. शेअर्सबाबत सल्ला देण्याचा व्यवसायही त्यांनी करून पाहिला. सल्लागाराची जात कळताच अशिले फिरकेनाशी झाली. बाजाराला जात नसते असे म्हणणाऱ्या विद्वानांनी एवढ्या एका प्रसंगाचा तरी हिशेब मांडावा.

आता वऱ्हाडाकडे येऊ. अमरावती, अकोला, खामगाव, कारंजा ही गावे कापसाने मोठी केली. कापूस व धान्य बाजारासाठी १८९७ चा वऱ्हाडचा कायदा हा देशातील अगदी आरंभीच्या बाजार-कायद्यांपैकी एक. म्हणजे व्यापार आणि कायदा यांची गाठ या मातीत जुनीच आहे. पण त्या व्यवस्थेवर वरचष्मा व्यापाऱ्यांचा राहिला. कापूस वेचणारी, जिनात सरकी वेगळी करणारी, गठाणी वाहणारी आपली माणसे वजनकाट्याच्या या बाजूला होती. वही त्या बाजूला होती.

शिक्षण आले तेव्हा आपण काय निवडले? कला शाखा, आणि तिच्या पाठोपाठ कायदा. त्याला कारणे होती. बाबासाहेब बॅरिस्टर होते, राज्यघटना डोळ्यांसमोर होती. अत्याचाराच्या प्रकरणात पोलीस ठाण्यात उभे राहायला आपला वकील हवा होता. वाणिज्याला मात्र पदवीनंतर दुकान लागते, भांडवल लागते, ओळखीचा शेठ लागतो. मी स्वतः वाणिज्य शाखेचा अर्ज घेऊन एका महाविद्यालयाच्या खिडकीशी गेलो, तेव्हा कारकून हसून म्हणाला, "तुले दुकान टाकायचं हाय का बे?" मी अर्ज बदलला. आजही त्या गोष्टीचा राग येतो, आणि तो जास्त स्वतःचाच येतो.

कायद्याची ही वाट फुकट गेली नाही, हे मान्यच केले पाहिजे. अंबादेवीच्या लढ्यात उभे राहिलेले बॅरिस्टर पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे विधी महाविद्यालय अमरावतीत आहे. फ्रेजरपुऱ्यातील नगरपालिकेच्या शाळेत आरंभीची अक्षरे गिरवलेले भूषण गवई याच महाविद्यालयात कायदा शिकले. मार्च १९८५ मध्ये त्यांनी वकिली सुरू केली आणि १४ मे २०२५ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. या पदावरचे ते पहिले बौद्ध. इंद्रभुवनपासून तिथवर साडेसत्त्याण्णव वर्षे लागली.

पण पीपल्स एज्युकेशन सोसायटीचा क्रम एकदा पाहा. १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय, १९५३ मध्ये सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय, आणि विधी महाविद्यालय त्यानंतर, १९५६ मध्ये. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्याला कायद्याइतकीच खतावणी महत्त्वाची वाटत होती. आपण मात्र त्यांचा कोट उचलला, वही तिथेच राहू दिली. आज मुले व्यवस्थापनाच्या पदव्या घेतात, ले-आउटमधले भूखंड विकणाऱ्यांच्या कार्यालयांत नोकऱ्या करतात. साठेखत आणि खरेदीखत यांतला फरक त्यांना कळतो, ही लहान गोष्ट नव्हे. तो न कळल्यामुळे आपल्या वस्त्यांतल्या किती जणांचे पैसे बुडाले असतील!

माझे वडील अकोल्याला जिनात होते. दर आठवड्याला मुनीम लाल कापडात बांधलेली वही उघडी आणि ते अंगठा टेकवीत. त्या पानावर काय लिहिले आहे, हे त्यांनी मला एकदाच विचारले होते. मी तेव्हा एम. ए. होतो. मला ते वाचता आले नाही.