ओट्याचा पृष्ठभाग आणि दुकानदाराचा शब्द

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एखादा जुना बैठा बंगला उतरवून तिथे अपार्टमेंट उभे राहते किंवा मुलाच्या लग्नाआधी राहत्या घराचे स्वयंपाकघर नव्याने केले जाते, तेव्हा ओट्यासाठी चार नावे पुढे येतात: कडप्पा, ग्रॅनाइट, क्वार्ट्झ आणि सॉलिड सरफेस. यांतले चौथे लावणीसह ग्रॅनाइटपेक्षा बरेच महाग, म्हणून त्याच्याबद्दल बोललेही सर्वांत जास्त जाते. त्या बोलण्यातले किती घ्यायचे, हे ठरवायला दोन गोष्टी लागतात. एक, पदार्थाचा स्वभाव. दोन, विकणाऱ्याचे कोणते विधान कधी तपासता येते, याचा अंदाज. दुसरी गोष्ट सहसा कुणी विचारात घेत नाही आणि फसगत तिथेच होते.

आधी पदार्थ. कडप्पा हा आंध्रातल्या कडपा भागातला काळा चुनखडक. चुनखडक म्हटले की कॅल्साइट आले, आणि कॅल्साइटला आम्ल सोसत नाही. लिंबू, चिंच, आमसुलाचे पाणी रात्रभर साचून राहिले की चकाकी मरते. त्याची कठीणता मोह्सच्या मापावर ३ च्या आसपास. स्वस्त आहे, वर्षानुवर्षे टिकतो, आणि मागच्या अंगणातल्या मोरीजवळ त्याच्याइतका योग्य दगड नाही. ग्रॅनाइटमध्ये क्वार्ट्झ (कठीणता ७) आणि फेल्डस्पार (६) असतात. पोलादी सुरी साधारण साडेपाचची, म्हणून ग्रॅनाइटवर चिरले तर धार सुरीची जाते, दगडाची नाही. बाजारात ‘काळे ग्रॅनाइट’ म्हणून मिळणारे पुष्कळसे दगड भूशास्त्राच्या दृष्टीने गॅब्रो किंवा डोलेराइट असतात. त्याने ओट्याचे काही बिघडत नाही, उलट ते अधिक घट्ट असतात. कर्नाटक आणि आंध्रातल्या खाणी कोल्हापूरपासून ट्रकच्या टप्प्यात असल्यामुळे इथे ग्रॅनाइटला भाव मुख्यतः कापणी, पॉलिश आणि वाहतुकीचा पडतो.

क्वार्ट्झचा तक्ता म्हणजे वजनाने नव्वद टक्क्यांहून अधिक दगडाची भुकटी आणि बाकी पॉलिस्टर रेझिन. तो कापताना उडणारी सूक्ष्म सिलिकेची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून कृत्रिम दगडाच्या या प्रकारावर बंदी घातली. आपल्याकडे ग्रॅनाइटसुद्धा गल्लीतच, दारासमोर, कोरड्या कटरने कापताना दिसते. पाण्याची धार सोडून कापा, असे सांगायला ग्राहकाला काही खर्च येत नाही.

आता सॉलिड सरफेस. ड्यूपाँ कंपनीने १९६७ मध्ये ‘कोरियन’ या नावाने तो तयार केला. आज बाजारात इतर कंपन्यांचा मालही त्याच नावाने मागितला आणि विकला जातो, तेव्हा तक्त्याच्या पाठीवर काय छापले आहे ते बघावे. घटक दोन: सुमारे एक तृतीयांश अ‍ॅक्रिलिक रेझिन आणि दोन तृतीयांश अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेटची पांढरी भुकटी. रंग आरपार सारखा असतो, म्हणून ओरखडा पॉलिश कागदाने घासून काढता येतो. दोन तक्ते त्याच रंगाच्या चिकट द्रव्याने जोडून घासले की सांधा डोळ्याला दिसत नाही. पाठीमागची पट्टी ओट्यातूनच वर वळवता येते, सिंकही त्याच पदार्थाचे करून बेमालूम जोडता येते. मग ग्रॅनाइटच्या सिंककडेला साचणारी काळी रेघ इथे साचायला जागाच उरत नाही. पाणी शोषले जात नाही, सिलिकेची धूळ नाही. हे सगळे गुण खरे आहेत. विक्रेता ते सांगतो तेव्हा तो अतिशयोक्तीही करत नसतो.

अडचण उष्णतेची आहे, आणि तिचा थेट संबंध आपल्या स्वयंपाकाशी आहे. शुद्ध अ‍ॅक्रिलिक साधारण १०५ अंश सेल्सियसच्या पुढे मऊ पडू लागते. प्रेशर कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी तापमान १२० अंशांच्या आसपास असते. तळणीचे तेल १८० च्या घरात, आणि भाकरीचा तवा त्याहूनही वर. तांबड्या रश्शाचे पातेले उतरवून ओट्यावर ठेवणे ही कोल्हापुरात रोजची हालचाल आहे. हात भरलेले असतात, लोखंडी तिवई कुठे आहे हे तेव्हा कोण बघतो? युरोपातल्या ज्या स्वयंपाकघरांची छायाचित्रे माहितीपत्रकात असतात, तिथे बहुतेक भांडे ओव्हनमधून काढून जाळीवर ठेवले जाते. सवयच वेगळी आहे.

यावर दुकानात मिळणारे उत्तर ऐकण्यासारखे असते: “काही काळजी करू नका, हे जळतच नाही.” उत्तर खरे आहे. अ‍ॅल्युमिनियम ट्रायहायड्रेट दोनशे अंशांच्या पुढे तापले की त्यातले पाणी वाफ होऊन सुटते, ही क्रिया उष्णता शोषून घेते, आणि आग पसरत नाही. पण ग्राहकाने विचारले होते ते वेगळे. पदार्थ पेटतो का, मऊ पडून त्यावर वण उठतो का, आणि एकाच जागी तापून चिरतो का, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. सॉलिड सरफेस पहिल्यात उत्तम गुणांनी पास होतो, दुसऱ्यात काठावर, आणि तिसऱ्यात कारागिरावर अवलंबून. विक्रीच्या बोलण्यात पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर खपवले जाते. उद्यमनगरच्या फौंड्रीत काम केलेल्या माणसाला हा फरक समजवावा लागत नाही, पण तोही ओटा घेताना तो विसरतो.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडे अधिक. ओट्यात बसवायच्या शेगडीसाठी, म्हणजे हॉबसाठी, तक्त्यात चौकोन कापला की त्याच्या आतल्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो. कोपरे काटकोनी ठेवले, कडा खडबडीत राहिल्या, तर काही महिन्यांत तिथून केसासारखी चीर निघते. कोपरे गोलाईत कापणे, कड गुळगुळीत घासणे, खालून उष्णता परतवणारी अ‍ॅल्युमिनियमची टेप लावणे आणि जोड हॉबच्या चौकटीपासून दूर ठेवणे, हे कुशल फॅब्रिकेटर न सांगता करतो. शिवाय हा पदार्थ ग्रॅनाइटच्या सुमारे चौपट प्रसरण पावतो. ३ मीटरचा ओटा २० अंशांच्या फरकाने जवळपास २ मिलिमीटर वाढतो. ग्रॅनाइट अर्धा मिलिमीटर. भिंतीला भिडवून सिमेंटात घट्ट बसवला तर वाढायला जागा कुठे? जोडकाम माहिती नसलेला गवंडी नेमकी हीच चूक करतो. म्हणून ब्रँडपेक्षा मी फॅब्रिकेटरला जास्त महत्त्व देईन: तो कोल्हापुरात राहतो की बसवून पुण्याला परत जाणार, हे तक्त्याच्या रंगाआधी विचारावे.

डागांचे प्रकरण हळदीपाशी येऊन थांबते. हळदीतला कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतो, आणि प्रकाशाने फिका पडतो. म्हणजे फोडणीचे हळदयुक्त तेल हे त्याचे खरे वाहन. सॉलिड सरफेस शोषक नसला तरी पांढऱ्या, बारीक ओरखड्यांनी भरलेल्या पृष्ठभागावर पिवळी छटा राहते. ती घासून निघते, पण घासावी लागते. गडद चकचकीत रंगावर हळद दिसत नाही, ओरखडे मात्र सगळे दिसतात. मध्यम छटेचा, ठिपक्यांचा, मॅट पृष्ठभाग हा समझोता. फिकट ग्रॅनाइटही निर्दोष नाही: त्याच्या बारीक रंध्रांत तेल शिरते, म्हणून त्याला सीलर लावावा लागतो आणि काही काळाने पुन्हा लावावा लागतो. ग्रॅनाइट विकणारा हे आपणहून सांगत नाही. दुसरीकडे, ग्रॅनाइटमधून किरणोत्सर्ग होतो अशी भीती घालणारेही भेटतात. युरेनियम-थोरियमचे अंश दगडात असतात हे खरे, पण ओट्याएवढ्या दगडातून होणारी भर सहसा क्षुल्लक असते.

हे झाले पदार्थाचे. सल्ल्याचे वजन कसे करावे, याला अर्थशास्त्रात चांगली चौकट आहे. फिलिप नेल्सन यांनी १९७० मध्ये मालाचे दोन प्रकार केले: ज्याचे गुण घेण्याआधी पाहून कळतात तो, आणि जो वापरल्यावरच कळतो तो. १९७३ मध्ये डार्बी आणि कार्नी यांनी तिसरा जोडला: ज्याचे गुण वापरल्यावरही सामान्य माणसाला कळत नाहीत. ओट्यात हे तिन्ही एकत्र असतात. रंग, जाडी, सांध्याची सफाई दुकानातच दिसते. डाग, वण, पिवळेपणा वर्षभरात कळतो. तक्ता शुद्ध अ‍ॅक्रिलिकचा आहे की त्यात स्वस्त पॉलिस्टर मिसळले आहे, भुकटी ट्रायहायड्रेटची आहे की चुनखडीची, हे बहुधा कधीच कळत नाही. विक्रेत्याच्या शब्दावर पहिल्या प्रकारात विश्वास ठेवण्याची गरज नसते, कारण डोळे आहेत. दुसऱ्यात त्याच्या इभ्रतीचा प्रश्न असतो: राजारामपुरीत दुकान थाटून बसलेल्या माणसाला पुढच्या गल्लीतले गिऱ्हाईक गमवायचे नसते, प्रदर्शनात चार दिवसांचा स्टॉल लावणाऱ्याला तशी फिकीर कमी. तिसऱ्यात मात्र कुणाचाच शब्द पुरेसा नाही, अगदी आपल्या इंटिरियरवाल्याचाही. सामान सुचवणाऱ्याला कमिशन मिळण्याची पद्धत या धंद्यात उघड गुपित आहे. त्याने तो खोटा ठरत नाही, पण त्याचे मत तराजूत थोडे हलके धरावे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातले काही गुण पहिल्या प्रकारात ओढून आणता येतात, आणि घेणाऱ्याने मेहनत करायची ती इथे. दुकानातून हातभर नसला तरी तळहाताएवढा तुकडा मागून घ्यावा. पाठीमागून पॉलिश कागदाने घासून निघालेल्या भुकटीवर संडास साफ करायच्या आम्लाचा थेंब टाकावा, अर्थात हातमोजे घालून आणि उघड्यावर. फसफसले तर भुकटीत चुनखडी आहे. हीच चाचणी ‘काळे ग्रॅनाइट’ म्हणून दिलेल्या कडप्प्याचे बिंग फोडते. काळ्या दगडावर नेलपॉलिश रिमूव्हरचा बोळा फिरवावा. बोळा काळा झाला तर दगडाला रंग लावलेला आहे. फिकट ग्रॅनाइटवर पाण्याचा थेंब पंधरा मिनिटे ठेवून तो भाग गडद होतो का ते पाहावे. हळद-तेलाचा डाग तुकड्यावर रात्रभर ठेवावा, सावलीत, कारण उन्हात तो आपोआप फिका पडून विक्रेत्याची बाजू घेईल. शेवटी गॅसवरून उतरवलेला कुकर त्याच तुकड्यावर ठेवावा. विक्रेत्याने तुकडा द्यायला काकू केले, तर तेही एक उत्तरच.

मापाचा घोळ वेगळा. सॉलिड सरफेसचा नेहमीचा तक्ता १२ मिलिमीटर जाड, ३.६८ मीटर लांब आणि ७६ सेंटिमीटर रुंद येतो. ओटा सहसा साठ-पासष्ट सेंटिमीटर रुंद असतो. उरलेल्या पट्टीतून पुढची कड आणि मागची पट्टी निघाली तर नासाडी कमी, नाहीतर तिचेही पैसे आपणच देतो. एकाचा भाव रनिंग फुटाचा आणि दुसऱ्याचा चौरस फुटाचा असेल, तर तुलना होण्याआधीच हुकते. कड, सिंकचे कापकाम, पॉलिश, वाहतूक आणि खालचा आधार धरून एकच आकडा मागावा.

कायद्याचा आधारही शब्दाच्या वजनाशीच जोडलेला आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील कलम ८६ प्रमाणे विक्रेत्याने उत्पादकाच्या हमीव्यतिरिक्त स्वतःची स्पष्ट हमी दिली आणि माल तिला उतरला नाही, तर नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. म्हणून “गरम भांड्याने काही होत नाही” हे वाक्य कोटेशनवर लिहून मागावे. बहुतेकदा ते लिहिताना ‘तिवई वापरल्यास’ अशी पुरवणी जोडली जाते, आणि खरी माहिती तेव्हा हाती येते. तक्रार तिचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते. त्यासाठी पक्के बिल हवे, कच्च्या चिठ्ठीवर पुढे फार काही चालत नाही.

मग निवड काय? जिथे रोज गॅसवर भाकरी, कुकर, रस्सा आणि नारळ फोडणे ओट्यावरच चालते, त्या घरात शेगडीच्या दोन्ही बाजूंना मी काळे ग्रॅनाइटच घेईन; पैसे असले तरी. सॉलिड सरफेस सिंकच्या बाजूला आणि जेवण वाढायच्या काउंटरला शोभतो, कारण तिथे पाणी आणि सांधे हेच शत्रू आहेत आणि त्यांच्याविरुद्ध तो खरोखर बलवान आहे. दोन्ही एकाच ओट्यावर आणायचे ठरले, तर ग्रॅनाइट साधारण १८-२० मिलिमीटर जाड आणि तक्ता १२ चा, म्हणून तक्त्याखालचा प्लायवुड त्या फरकाएवढा उचलावा, आणि दोघांच्या मध्ये कडक चिकट द्रव्य न घालता ३ मिलिमीटरची फट ठेवून ती लवचिक सिलिकॉनने भरून घ्यावी.