दादासाहेब गायकवाड : संसदेतला भूमिहीनांचा आवाज
कर्मवीर भाऊराव कृष्णाजी ऊर्फ दादासाहेब गायकवाड (१९०२–१९७१) हे बाबासाहेबांचे निकटचे सहकारी आणि १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाचे आघाडीचे नेते. १९५७ साली ते नाशिकमधून लोकसभेवर, १९६२ साली राज्यसभेवर गेले. १९५९ आणि १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहांत हजारोंनी तुरुंगवास पत्करला. मुख्य मागणी : पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्या.

१९९१ च्या शासन निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची मागासवर्गीयांची गायरानावरील शेती नियमित करण्याची वाट खुली केली. तरीही पैठण तालुक्यातल्या वस्त्यांत आम्हाला आजही सातबाऱ्याचाच प्रश्न विचारला जातो. तरुणांनो, गाव नमुना १-ई ची नोंद, दंडाच्या पावत्या शोधून द्या. १५ ऑक्टोबरला दादासाहेबांची जयंती अशीच साजरी करू.